टायगर काही करत नाही

आमच्या उपकेंद्रातली महिन्याची बैठक अकराची असते. सिस्टर तुमसरहून बसने येणार, म्हणजे बारा वाजणार. तो मधला एक तास आम्हा पाच आशाताईंचा. सासू, नवरा आणि मोबाइलचं नेटवर्क हे तीन विषय दहा मिनिटांत संपतात. मग कोणीतरी साडी वर करून पोटरीवरचा जुना व्रण दाखवते आणि कुत्र्यांचे किस्से सुरू होतात. हे किस्से तांदळातल्या सोंड्यांसारखे असतात. डब्यात कधी शिरले ते दिसत नाही, झाकण उघडलं की जिकडेतिकडे तेच.

मी प्रमिला. करडीजवळच्या एका गावात बारा वर्षांपासून घरोघरी फिरते. गरोदर बाया, तान्ही लेकरं, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं माझ्या रजिस्टरात असतं. लोकांना वाटतं, रजिस्टर भरणं अवघड. रजिस्टर काय, घरी बसून भरता येतं. अवघड असतं ते फाटक.

मला कुत्र्यांची भीती वाटते. बारा वर्षं झाली तरी वाटते. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी हसत सांगणार आहे, आणि तेव्हा मी हसत नव्हते.

*

गावात नत्थूभाऊंचं पक्कं घर आहे. धानाचा व्यापार, दाराशी ट्रॅक्टर आणि फाटकात टायगर. काळा, एक कान फाटलेला, उंचीला वासराएवढा. घर नेमकं अंगणवाडीच्या रस्त्यावर, त्यामुळे त्याला टाळून जाता येत नाही.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. सर्वेक्षणाला गेले, तर टायगर फाटकापाशी आणि नत्थूभाऊ ओसरीवरच्या झोपाळ्यावर.

"या ना ताई, या. टायगर काही करत नाही."

टायगरचे दात मला मागच्या दाढेपर्यंत दिसत होते. मी म्हटलं, "भाऊ, जरा बांधता का?"

"बांधलं का चिडते जी तो."

"आणि मोकळा असला तर?"

"मोकळा असला का खुश राहते."

त्याची खुशी बघण्याची माझी तयारी नव्हती. मी रस्त्यावरच उभी राहिले आणि तिथूनच ओरडून फॉर्म भरायला घेतला. घरात माणसं किती, लहान लेकरं किती. टायगर भुंकायला लागला तशी मीही आवाज चढवला. त्या भरात पुढचा प्रश्नही तसाच ओरडून विचारला, "घरात कोणाची पाळी चुकली आहे का?"

नत्थूभाऊ आढ्याकडे बघायला लागले. आतून त्यांची सून दारात आली आणि तिने हळूच मान हलवली. मी विचारलं, "कितवा महिना?" टायगरच्या वरचढ आवाज काढायचा म्हणून बिचारी जीव खाऊन ओरडली, "तिसरा लागला!" आणि नेमका त्याच क्षणी टायगर गप्प झाला.

वर स्लॅबवर सासू वड्या वाळत घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं वो?" रस्त्याने जाणाऱ्या दोन बायांनी डोक्यावरच्या घागरी खाली ठेवल्या. सुनेने पदर तोंडावर घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नत्थूभाऊ झोपाळ्यावरून म्हणाले, "पाहा ताई, टायगरनं काही केलं का?"

*

कुंदा शेजारच्या गावची आशा. माझी मैत्रीण, आणि मोहिमेच्या दिवसांत माझी जोडीदारही. फाटक कसं उघडायचं हे तिनेच मला शिकवलं. "कडी वाजवायची आणि ऐकायचं," ती म्हणायची. "साखळी वाजली का समजायचं, बांधला आहे." तेव्हापासून साखळी खणखणली की माझा जीव भांड्यात पडायचा.

धान कापणीचे दिवस होते. लेकरांना डोस पाजायला आम्ही दोघी नत्थूभाऊंच्या दाराशी आलो. सुनेचं बाळ आता सहा महिन्यांचं होतं. कुंदाने कडी वाजवली. आतून साखळी खणखणली. कुंदा माझ्याकडे बघून हसली आणि आत गेली.

बांधलेल्या कुत्र्याची साखळी एका जागी वाजते. ही जवळ येत होती.

फरशीवरून घासत, उड्या मारत ती साखळी आली आणि तिच्या पुढे टायगर होता. साखळीचं दुसरं टोक कुठेच बांधलेलं नव्हतं. कुंदा जागची हललीसुद्धा नाही. त्याने तिची उजवी पोटरी धरली. ती ओरडली तसा आवाज मी बारा वर्षांत कोणत्याही बाळंतिणीचा ऐकला नाही.

मी फाटकाबाहेर होते. लसीचा डबा छातीशी धरून उभी राहिले. आत गेले नाही. बैठकीत किस्सा सांगताना हे मी गाळते.

नत्थूभाऊंनी टायगरला ओढून काढलं. साखळीचे दोन वेढे मनगटाला गुंडाळले, ते मी पाहिलं. पण तोंडाने म्हणाले, "साखळी तर हाये ना गळ्यात." आणि मग, "तुम्ही पळाल्या काहून जी? पळालं का त्याले खेळ वाटते."

त्यांची बायको धावत तिखटाचा डबा घेऊन आली. गावात सगळे तेच लावतात. कुंदा पांढरीफटक पडली होती, तरी शिकवलेलं विसरली नव्हती. "तिखट नाही बाई, साबण आणा. पंधरा मिनिटं धुवावं लागते." घराघरात जाऊन सांगितलेलं वाक्य ती पहिल्यांदा स्वतःच्या पायाला सांगत होती.

बाई आत गेली आणि गुलाबी साबणाची मोठी वडी घेऊन आली. वडीला काळे केस चिकटलेले होते.

"टायगरचाच हाये जी," ती म्हणाली. "भारीचा हाये."

कुंदाने पंधरा मिनिटं त्याच साबणाने पाय धुतला. प्रत्येक सुईला मी तिच्यासोबत गेले. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसायची. अजूनही कुठे सायकलची चेन वाजली, झोपाळ्याची कडी करकरली, की ती बोलता बोलता थांबते.

*

मग कुंदाने शेपटी काढली.

मोहिमेत प्रत्येक घराच्या भिंतीवर आम्ही खडूने घर क्रमांक, तारीख आणि बाण काढतो. कुंदाने बाणाला मागे एक छोटी शेपटी जोडली. सरळ शेपटी म्हणजे कुत्रा बांधलेला, वळलेली म्हणजे मोकळा. पाचही जणींनी ते उचललं, सिस्टरनाही सांगितलं. दोन मोहिमा कोणालाच काही झालं नाही.

मग एक दिवस निखारे आजोबांनी मला रस्त्यात गाठलं. जन्म हातमागावर गेलेला म्हातारा, घरी कोंबडीसुद्धा नाही.

"काहून ताई, नत्थूच्या घराले शेपूट काढली, आमच्या घराले नाही?"

"बाबाजी, तुमच्या घरी कुत्रा कुठे आहे?"

"नसो ना. तुम्ही काढून ठेवा. वरून यादी येते तवा कोणी कुत्रा पाहत नाही."

सरकारी माणसाने भिंतीवर काही काढलं म्हणजे त्यामागे योजना असते, हे गावाला पाठ आहे. मी परोपरीने समजावलं. त्यांना वाटलं, मी आपल्या माणसांनाच यादीत घेते आहे. आठ दिवसांत गावातल्या सगळ्या भिंतींवर शेपट्या आल्या. काहींनी ऑइलपेंटने काढल्या. एकाने दोन काढल्या, म्हणाला, भाऊ वेगळा निघाला आहे. शेपटी नव्हती ती फक्त एका घराला. नत्थूभाऊंनी दिवाळीला भिंत रंगवून घेतली होती.

त्याच आठवड्यात मोहीम होती, कुंदा माझ्या जोडीला होती आणि सिस्टर तपासणीला आल्या. शेपटी नाही असं बघून त्यांनी नत्थूभाऊंच्या फाटकाची कडी काढली. कुंदाने मागून त्यांचा पदर धरला आणि असा ओढला की खांद्याची पिन तुटली. सिस्टर चिडून वळल्या, "काय झालं कुंदा?" कुंदाने नुसतं फाटकाकडे बोट दाखवलं. पदर तेवढा तिने सोडला नाही.

मग आतून साखळी वाजली, आणि सिस्टरनी स्वतःच्या हाताने कडी परत लावली.

*

पार्बताबाई माझ्या यादीतली सगळ्यात म्हातारी. बीपीची गोळी रोजची. महिन्याच्या महिन्याला काठी टेकत गोळ्या न्यायला यायची, ती दोन महिने आली नाही. घरी गेले तर डबी रिकामी आणि बीपी एवढं की मी मशीन दोनदा लावलं.

"आली काहून नाही, माय?"

तिने आधी दार लोटून घेतलं. मग सांगितलं. तलावाच्या पारीवरून, भरावावरच्या वाटेने, येत होती. नत्थूभाऊ सकाळचे फिरायला निघाले होते, साखळी त्यांच्या हातात आणि टायगर मोकळा पुढे. तो धावत आला, चावला नाही, नुसता अंगावर उडाला. म्हातारी खालच्या धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलात, बसली. उठता येईना. नत्थूभाऊ वरून म्हणाले, "भेऊ नोको माय, खेळून राहिला तो."

"मले लुगड्यातच झालं व बाई," पार्बताबाई म्हणाली. "ह्या वयात. त्या रस्त्यानं आता मी येत नाही."

मला भीती वाटते तशी चीडही येते, हे मला त्या दिवशी कळलं. ग्रामसभेत मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माइक धरला. म्हटलं, कुत्रा पाळा, पण रस्ता सगळ्यांचा आहे. तो काही करत नाही हे तुम्हाला माहीत, समोरच्याला कसं माहीत असणार? ज्याला भीती वाटते त्याने रस्ता सोडायचा की ज्याचा कुत्रा आहे त्याने साखळी धरायची?

नत्थूभाऊ उठले. "कुत्रा काय बांधून ठेवाले आणतात का? मुका जीव हाये. बांधलं का चिडते तो."

लोक हसले. मी माइक परत द्यायला निघाले. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. पार्बताबाई आली होती, लांबच्या रस्त्याने.

"नत्थू," ती म्हणाली, "तुयी माय न् मी संग धानाच्या रोवण्याले जात होतो. तुले दिवसभर लुगड्यानं खांबाले बांधून जाये ती. तू चिडला का रे कधी?"

दुसऱ्या दिवशी नत्थूभाऊंच्या अंगणात लोखंडी खुटा ठोकल्याचा आवाज सगळ्या गावाने ऐकला. टायगर आता बांधलेला असतो. पार्बताबाई अजून लांबच्याच रस्त्याने येते.

*

मागच्या साली रानडुकरांनी आमचं धान लोळवलं. ह्यांनी शहापूरच्या माझ्या भावाकडून एक पिल्लू आणलं. मी आठ दिवस त्याच्या वाटेला गेले नाही. मग ते माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायला लागलं. बारा वर्षांत मी ज्याच्या अंगाला हात लावला असा हा पहिला कुत्रा, मोती. आता चांगला मोठा झाला आहे. आणि मोती खरंच काही करत नाही. दिवसा आम्ही त्याला बांधतो. म्हणजे बांधतोच. त्या दिवशी तेवढा राहिला होता.

यंदा मोहिमेत पथकं बदलली होती. आपल्या गावात आपण जायचं नाही. माझी पाळी दुपारची होती, म्हणून मी सकाळी कणीक मळत होते. फाटकाची कडी वाजली. नंतर काहीच आवाज नाही. कोणीतरी ऐकत उभं होतं.

"प्रमिलाबाई?"

कुंदाचा आवाज. मोती आल्यापासून ती पहिल्यांदाच घरी येत होती. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच ओरडले, "ये ना वो, आत ये. मोती काही करत नाही."

पावलं वाजली नाहीत. मी कणकेच्या हातांनी बाहेर आले. मोती फाटकाशी होता. मला त्याची शेपटी दिसत होती, ती हलत होती. कुंदा त्याच्या तोंडाच्या बाजूला होती. तिने एका मुठीत साडी गोळा करून धरली होती. दुसऱ्या हातातला खडू मोडून अर्धा खाली पडला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"थांब, थांब," मी म्हटलं. "हात धुते न् बांधते त्याले."

"धू," कुंदा म्हणाली. मोतीवरची नजर तिने हलवली नाही. "साबण कोणता हाये घरी?"