कणकेचा डबा घेऊन मासे धरायला

म्हातारपणी माणसं काशीला जातात. आमच्या ह्यांना होडी पाहिजे होती. अंबाजोगाईत जन्मभर कापड मोजून झालं, दुकान पोराच्या हवाली केलं आणि मोबाइलवर बघून बघून ह्यांनी ठरवलं: राहतं घर विकायचं, मालवणाकडं समुद्रकाठी घर घ्यायचं, आणि मग मरेपर्यंत होडी न् मासेमारी! आम्ही लिंगायत वाणी. सात पिढ्यांत कुणी माशाच्या वासाला उभं राहिलेलं नाही.

"खाणार कोण ते मासे?" मी विचारलं.

"खायचं कावून? नुस्तं धरायचं," हे म्हणाले.

आमच्या घराला गिऱ्हाईक लागलं होतं, त्याला सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. म्हणून गुरुवारी पहाटे गाडी काढली. मी गेले ती नाही म्हणायलाच. माझं घर, माझा मोगरा, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी, हे सगळं मी कशाला सोडू?

जाणाऱ्यांसाठी सांगते. सोलापूर-कोल्हापूर रस्ता चांगला आहे, कोल्हापुरात मुक्काम करा आणि घाट दिवसाउजेडी उतरा. शाकाहारी असाल तर भाकरी न् शेंगदाण्याची चटणी भरपूर बांधून घ्या. तिकडं खानावळीत "व्हेज" म्हटलं की पोऱ्या आपल्याकडं पेशंटकडं बघावं तसं बघतो आणि डाळ-भात आणून आदळतो. सोलकढी मात्र छान होती. ह्यांनी चार वाट्या प्यायल्या, मी दोन.

शुक्रवारी एजंटानं घर दाखवलं. "काका, खिडकीतून समुद्र!" दिसला, खोटं कशाला बोलू. न्हाणीघरातल्या पालथ्या बादलीवर उभं राहिल्यावर निळी चिंधी दिसली. भिंतींना ओल, कपाटाला बुरशी, आणि मिठाचा डबा उघडावा तर आत पाणी. शेजारी एक रिटायर साहेब राहतात. त्यांच्या व्हरांड्यात मासे धरायच्या तीन काठ्या टांगलेल्या, तिन्हींवर कोळिष्टकं.

"रोज जाता का हो?" मी विचारलं.

"जाणार आहे," ते म्हणाले. सात वर्षं झाली त्यांना तिथं येऊन.

"लई शांत हाय बग इथं," हे मला म्हणाले. शांत तर आमचं स्मशानही आहे, पण तिथं कुणी घर घेत नाही.

शनिवारी सकाळी होडी ठरवली, दोन तासांचे पंधराशे. होडीवाला पन्नाशीचा, नाव बाबल्या. हे बसले आणि पिशवीतून डबा काढला. डब्यात कणकेच्या गोळ्या! देवळाच्या तळ्यात पुण्य म्हणून माशांना घालतो ना आपण, तशा. पहाटे लॉजवर उठून ह्यांनी स्वतः वळल्या होत्या. मूठभर गोळ्या समुद्रात टाकून ह्यांनी हातसुद्धा जोडले. बाबल्या इतका हसला की होडी हलली. मग त्यानं गळाला कोळंबी टोचली आणि दोरी ह्यांच्या हातात दिली. टोचताना ह्यांनी तोंड फिरवलं होतं.

थोड्या वेळानं दोरीला ओढ लागली. मासा वर आला, वीतभर, तडफडत, तोंड उघडत-मिटत. ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"सोड बाबा, सोड त्याला! जीव हाय त्यात!"

"काकानू, सोडूचो होतो तर धरलात कित्याक?" बाबल्यानं विचारलं. त्यानं मासा सोडला, तेवढ्यात हे कणकेच्या डब्यात ओकायला लागले.

बाबल्या ह्यांना धरायला पुढं आला आणि मला ओरडला, "काकी, सुकाणू धरा!"

धरलं. लाकडी दांडा होता, इंजिनानं हातात धडधडत होता. थोडा डावीकडं लोटला तर सगळी होडी वळली. थोडा उजवीकडं, पुन्हा वळली. आयुष्यभर मी ह्यांच्या स्कूटरवर मागं बसले, गाडीत बाजूला बसले. कधी कुणी काही वळवायला दिलं नव्हतं. तोंडावर खारं पाणी उडत होतं आणि मला मळमळ नाही, भीती नाही. हसू येत होतं. काय सांगू, इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

"काकी, हात बरो आसा तुमचो," बाबल्या म्हणाला.

"लाटण्याची सवय हाय," मी फणकाऱ्यानं म्हटलं. पण किनारा येईपर्यंत दांडा काही सोडला नाही.

परतीच्या वाटेवर सांगोल्यापर्यंत मी समुद्राला, एजंटाला आणि त्या ओल्या भिंतींना नावं ठेवत होते. तोंडाला वळणच पडलंय तसं. हे गाडी चालवता चालवता मान डोलवत होते.

सोमवारी ह्यांनी माझ्यासमोरच गिऱ्हाईकाला फोन लावला. "घर विकायचं न्हाई," म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "तुजंच खरं होतं. तू न्हाई म्हणत होतीस, मीच येड्यावानी करत होतो."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. "थांबा," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण सवयीनं तोंडातून निघालं, "म्हटलं नव्हतं मी?"

आता हे ओट्यावर बसून सुखानं पेपर वाचतात. सगळी गल्ली म्हणते, बाईनं घर वाचवलं. हे माझं लिखाण वाचत नाहीत, तुम्हीही सांगू नका. मळमळलं ह्यांना, आणि होडी गेली माझी.