पंपाचा आवाज

आमच्या व्हॅनला काहीही झालं नव्हतं. तिचा फक्त एक रिले, म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान असा काळा ठोकळा, मी फ्यूजच्या डब्यातून उपटून माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला होता. तो नसला की पेट्रोलचा पंप चालत नाही. चावी फिरवली की इंजिन घरघर फिरतं, फिरत राहतं, पण पेटत नाही. बाबा सोडून घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे मला आणि आईला.

बाबांनी उभा जन्म श्रीवर्धन ते हरिहरेश्वर माणसं नेण्यात घालवला. स्टँडवर उतरलेल्या पाहुण्यांना गाडीत घालायचं, देवळापाशी सोडायचं, भरती असेल तर समुद्राकाठच्या खडकांवरून प्रदक्षिणेला जाऊ नका म्हणून दम भरायचा, आणि संध्याकाळी परत आणायचं. या सगळ्या वर्षांत त्यांनी गाडी कधी गॅरेजला नेली नाही. ‘गाडी आपली, तर दुखणं आपल्यालाच कळाय नको?’ असं म्हणून अंगणातच सगळं खोलून बसायचे. इंजिनाचं काळं तेल काढायला घेतलेली आईची चांगली पातेली वाया गेली, आणि त्यावरून होणारं भांडण हा आमच्या घरचा नेहमीचा कार्यक्रम होता.

मग ते रस्ते विसरायला लागले. एकदा हरिहरेश्वरला निघालेलं पुण्याचं एक कुटुंब घेऊन ते भलतीकडेच, म्हसळ्याच्या वाटेवर जाऊन थांबले आणि मागे वळून त्यांनाच विचारू लागले, ‘आपल्याला जायचंय कुठं?’ ती माणसं आधी हसली. मग त्यांनी गाडीवर लिहिलेल्या नंबरावर फोन केला, तो मी उचलला. त्यानंतर एकदा अंगणात गाडी मागे घेताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला आणि गाडी शेजाऱ्यांच्या गडग्यात, दगडी कुंपणात, घुसली. त्या गडग्यावर बसलेला त्यांचा नातू नुकताच उतरून घरात गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. आईने चावी लपवली.

बाबांनी घर डोक्यावर घेतलं. ‘माझ्याच घरात मी चोर काय?’ म्हणून ओरडले, फडताळं उपसली, आणि शेवटी पायरीवर बसून रडले. मी त्यांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हासुद्धा नाही. आईने मुकाट्याने चावी आणून त्यांच्या हातात ठेवली.

नाक्यावरचा गॅरेजवाला बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानेच तोड काढली. ‘चावी काकांकडंच राहू द्या, ताई. गाडीलाच रुसू द्या.’ रिले कुठला ते त्याने दाखवलं, आणि वर बजावलं, ‘पण पंपाचा आवाज येत न्हाय हे काकांना कळलं, तर ते सरळ फ्यूजच्या डब्यात हात घालतील. मग आपलं काय खरं न्हाय.’

ते त्यांना कळणार नव्हतं. बाबांना कमी ऐकू यायला लागून बरेच दिवस झाले होते. कानाचं मशीन आणून दिलं, तर कानात बटाटा कोंबल्यासारखं वाटतं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. पंपाचा आवाज ऐकायला त्यांच्याकडे एकच कान होता, तो माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली. ‘बाय, ये गं जरा. ही पेटत न्हाय.’

त्यांचा हिशोब साधा होता. इंजिनाला तीन गोष्टी लागतात, हवा, पेट्रोल आणि ठिणगी. तिन्ही असल्या की त्याच्या बापालाही पेटावं लागतं. पेटत नसेल तर तिघांतला एक गैरहजर आहे, तो कोण ते शोधायचं. त्यांनी मला गाडीच्या मागच्या बाजूला, टाकीपाशी वाकून बसवलं. चावी अर्धी फिरवली की पंप क्षणभर गुणगुणतो, तेवढं मी ऐकायचं.

‘आला?’ त्यांनी पुढून विचारलं.

काहीच आलं नव्हतं. पोफळीत कुठेतरी एक सुकलेलं झाप पडलं, तेवढाच आवाज.

‘आला, बाबा,’ मी ओरडून सांगितलं.

‘नीट ऐकलंस ना?’

‘नीट ऐकलं.’

मग ठिणगी. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यांनी सीट उचलली, प्लग काढला, वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि मला चावी मारायला सांगितली. टक टक टक, ठिणगी पडली. ‘निळी हाय,’ ते म्हणाले. ‘फस्कलास.’ शाळेत पहिला नंबर आलेल्या पोराचा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी प्लगच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि ते थांबले.

‘कोरडा हाय गं हा. पेट्रोल येतंय तर ओला पायजे.’

बरोबर होतं. डोकं गेलेल्या माणसाचा अंगठा शंभर टक्के बरोबर सांगत होता. मी म्हणाले, ‘बाबा, एवढं ऊन आहे. पेट्रोल काय, लगेच उडून जातं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘व्हय, उडतं.’ आणि तो कोरडा प्लग फडक्याने पुसून परत बसवला.

असं रोज चालायचं. रोज सकाळी ते सगळं विसरून नव्याने सुरुवात करायचे, आणि रोज मी टाकीपाशी वाकून ‘आला’ म्हणायचे. माझा स्वभाव मूळचाच तापट. एका सकाळी, घरातल्या खोल्यांत भाड्याने उतरलेल्या पाहुण्यांचा चहा-नाश्ता खोळंबलेला असताना, मी वैतागून म्हणाले, ‘बाबा, विकून टाकूया हे डबडं!’

‘आजारी मानसाला कोन इकतं?’ ते सहज म्हणाले. मी पुन्हा टाकीपाशी जाऊन वाकले.

आई अंगणात यायचीच बंद झाली. स्वयंपाकघरातून एकदा म्हणाली, ‘अजून किती दिवस गं?’ मी फटकन म्हणाले, ‘मग तू सांग जाऊन.’ तिने सांगितलं नाही. मीही नाही.

मला वाटायचं, त्यांना काही आठवत नाही, म्हणजे त्यांचं काही बिघडत नाही. ते खोटं होतं. काय काय केलं ते त्यांच्यातून निघून जायचं, पण जमलं नाही हे आत राहायचं आणि साठायचं. हळूहळू त्यांचे हात अडखळायला लागले. पाना हातात घेऊन तो कशासाठी घेतला ते मला विचारायचे. नजर चुकवायचे. आणि एका सकाळी ते सीट उचललेल्या इंजिनासमोर नुसतेच बसून राहिले.

‘ठिणगी हाय,’ त्यांनी एक बोट मिटलं. ‘पेट्रोल हाय. हवा काय, फुकटच हाय.’ तिन्ही बोटं मिटली. बराच वेळ ते त्या मुठीकडे बघत होते. ‘म्हंजे गाडीत काय बी न्हाय, बाय. माझ्यातच हाय.’

त्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली. ‘तू ठेव.’

आम्हाला हवं होतं ते हेच. मी विहिरीमागे जाऊन हुंदके देऊन रडले.

त्यानंतर बाबा अंगणात उतरले नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. आईने मुद्दाम पातेल्यावरून भांडण काढून पाहिलं, तरी वर बघितलं नाही. माणूस असा डोळ्यांदेखत विझत जाताना मला बघवेना. एका दुपारी मी साड्यांखालचा रिले काढला, जागेवर बसवला आणि चावी मारली. गाडी पहिल्या झटक्यात पेटली.

इतका आवाज त्यांना ऐकू गेला. खांबाला धरत ते ओटीवर आले. मी गाडी बंद केली, रिले पुन्हा उपटला आणि धावत जाऊन तळहातावर त्यांच्यासमोर धरला. सगळं एका दमात सांगितलं. ‘बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. प्लग कोरडाच होता. पंप बंद होता. हा मी काढून ठेवला होता, मी! तुम्ही बरोबर सांगत होता.’

त्यांनी तो ठोकळा घेतला, उलटा करून त्याचे पाय पाहिले. ‘पंपाचा,’ ते म्हणाले. ते त्यांना कळलं. मला वाटलं, आता चिडतील, हात उगारतील. मला ते हवं होतं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

‘बाय, माझ्या जीवाला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलशील?’

‘खोटं नाही, बाबा. देवाशपथ खरं सांगतेय.’

‘पंप चालू व्हता. तू ऐकत व्हतीस ना? रोज ऐकत व्हतीस.’ रस्ते विसरलेल्या, सख्ख्या बहिणीचं नाव विसरलेल्या बाबांना एवढं मात्र आठवत होतं. ‘मला ऐकू येत न्हाय. मग तुझ्यावर न्हाय इश्वास ठेवायचा तर कोनावर ठेवू?’

त्यांनी रिले माझ्या हातात परत दिला आणि ते आत जाऊन पडले.