दोन हातांचा चाकू

आमच्या घरात चाकूवरून जेवढी तोंडं वाजली, तेवढी लेकीच्या लग्नावरूनही वाजली नाहीत. आमचे हे सोफे शिवतात. बत्तीस वर्षं झाली. घराला लागून एक खोली आहे, तिथे दिवसभर फोम, रेक्झिन, सुतळी आणि खिळे. गल्लीत सगळे त्यांना सोफेवाले म्हणतात, आणि सोफेवाल्यांचा विषय निघाला की लोक आधी त्यांच्या चाकूची चौकशी करतात.

साधा मिटणारा चाकू आहे. शिसवी मूठ, पातं पोलादाचं, वापरून वापरून काळपट पडलेलं. पात्याच्या पाठीजवळ नखाएवढी खाच आहे. एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत घालायचं आणि ओढायचं. लॉक नाही, बटण नाही. ह्या चाकूने ते कापड कापतात, पेन्सिलीला टोक करतात, सफरचंद कापतात, नखांत अडकलेला गोंद काढतात. एकदा माझ्या मिरच्या चिरायला आले होते. गोंदाच्या वासासकट. मी त्यांना स्वयंपाकघरातून हाकलून दिलं.

माणूस मुळात उतावळा. जेवताना तीनदा उठतील, बोलताना दुसऱ्याचं वाक्य स्वतःच पुरं करतील, आणि उत्तर ऐकायच्या आत पुढचा प्रश्न. चाकूच्या बाबतीत मात्र त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागायचं. ‘‘दोन हात लागतात, हाच ह्याचा गुण. दोन हात लागले की माणसाला हातातलं काम खाली ठेवावं लागतं. खाली ठेवलं की डोकं चालतं. एका हाताने टक् करून उघडणारे ते नवे चाकू म्हणजे अर्धा विचार झाला नाही तोवर पातं बाहेर!’’ मग धारेचा दगड काढून दोन मिनिटांत धार लावून दाखवायचे आणि हातावरचे चार केस उडवायचे. त्यांच्या डाव्या हातावर केस उरलेलेच नाहीत.

लेकीला आम्ही ढमी म्हणतो. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून. आता सुतळीसारखी झाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती उंच इमारतींना दोर लावून बाहेरून लटकते. काचांच्या सांध्यांत सिलिकॉन भरलेलं असतं, ते जुनं झालं की कापून काढायचं आणि नवं भरायचं. हे काम तिने घेतलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही. हे तर तिचं काम बघायला एकदाही गेले नाहीत. बघवणार नाही म्हणाले.

कामावर रुजू होतानाच तिने एक नवा चाकू घेतला. काळी मूठ, खिशाला अडकवायला क्लिप, पात्यावर अंगठ्यासाठी एक गोल भोक. अंगठा सरकवला की पातं उघडून लॉक व्हायचं. ह्यांनी तो हातात घेतला मात्र, महिनाभर तिचं जगणं मुश्किल करून टाकलं. खेळणं म्हणाले, जादूगाराचं सामान म्हणाले. त्यात धूळ गेली की कसा अडकेल ते जेवणाच्या ताटावर खोलून दाखवलं. शेवटी त्यांनी आपल्या चाकूचा जुळा भाऊ शोधून आणला, त्याच घडणीचा, त्याला मागे कडी बसवून घेतली म्हणजे दोरीने कमरेला बांधता येईल, आणि स्वतः धार लावून तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून ती तो न्यायला लागली. ह्यांची छाती फुगली. ‘‘अकराव्या मजल्यावर माझा चाकू चालतो,’’ असं सगळ्या गल्लीला सांगून झालं.

ह्याला दोन महिने झाले असतील. त्या दिवशी दुपारी मी ढमीचं कपाट आवरत होते, तर मोज्यांच्या मागे तो काळा चाकू सापडला. हे जेवायला बसले होते. मी तो ताटाशेजारी ठेवला.

‘‘हे बघा. तुमच्या लेकीचं खेळणं. मोज्यांत झोपलं होतं.’’

‘‘सोडलाच शेवटी!’’ ह्यांना घास गोड लागला. डाव्या हातात पाण्याचा पेला होता. उजवा हात त्यांनी सरळ माझ्या टॉवेलला पुसला आणि चाकू उचलला. अंगठा सरकवला. टक्. पुन्हा मिटवला, तोही एकाच हाताने. टक्. पेला डाव्या हातात तसाच.

मग ते त्या पेल्याकडे बघायला लागले.

‘‘काय झालं? पाण्यात काही पडलं का?’’

‘‘ढमी वर काम करते, तेव्हा डाव्या हाताने काय करते गं?’’

मला माहीत होतं, कारण ढमी मला सगळं सांगते. ‘‘रबराची मूठ असते ना, काचेला चिकटवतात ती. ती धरून ठेवते. वाऱ्याने दोर झुलतो म्हणून.’’

‘‘सतत?’’

‘‘सतत. सोडली तर भिंतीपासून लांब जाते म्हणे, आणि परत येऊन आपटते.’’

‘‘आणि चाकू? उघडाच ठेवत असेल.’’

‘‘छे. दोराजवळ उघडं पातं ठेवायचं नाही, तो त्यांचा पहिला नियम आहे. एक सांधा कापला की मिटवायचा, पुढच्या सांध्याला पुन्हा उघडायचा.’’

हे ताटावरून उठले. अर्धी पोळी तशीच. दुकानाच्या खोलीत गेले, मी मागोमाग. डाव्या हाताने त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली आणि उजव्या हाताने स्वतःचा चाकू खिशातून काढला. एकाच हाताच्या बोटांनी पातं उचलायला बघत होते. नख खाचेपर्यंत पोचेना. मांडीला घासून पाहिलं, पट्ट्याच्या बक्कलात अडकवून पाहिलं. पातं जरा उघडायचं आणि खटकन मिटायचं. चौथ्या खेपेला चाकू हातातून सुटला आणि फरशीवर पडला. बत्तीस वर्षांत हा चाकू त्यांच्या हातून पडलेला मी पाहिला नव्हता.

‘‘ती हात सोडते,’’ हे म्हणाले. ‘‘डावा हात सोडते ती.’’

आम्ही बसने निघालो. ह्यांनी काळा चाकू मुठीत धरला होता, खिशात ठेवायलाही तयार नव्हते. बस थांबली की हे उभे राहायचे, सुरू झाली की बसायचे. समोरच्या बाईने शेवटी आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. मी म्हटलं, चाकू खिशात ठेवा, नाहीतर पोलीस आपल्याला आधी नेतील. तर माझ्यावरच खेकसले. भांडायला मलाही येतं, पण तेव्हा भांडले नाही. मला सारखा तो दोर दिसत होता आणि तिचा सुटलेला हात.

इमारत सगळी काचेची. वर तीन ठिपके लटकत होते, त्यातला पिवळ्या हेल्मेटचा आमचा. हे एकदाच वर बघू शकले, मग मान खाली घालून फुटपाथवर येरझाऱ्या घालायला लागले. खाली दोरीच्या कुंपणापाशी मुकादम होता, सडपातळ, गळ्यात शिट्टी.

‘‘माझी मुलगी वर आहे. दोन मिनिटं खाली बोलवा.’’

‘‘काम चालू असताना हाक मारत नाही आम्ही, काका. वर माणूस दचकला तर? चहाच्या सुट्टीला येईल. पाऊण तास.’’

‘‘मग एक वस्तू वर पाठवा.’’

‘‘काय वस्तू?’’

ह्यांनी मूठ पाठीमागे नेली. त्यांना काय वाटलं ते मला कळलं. वर जाणाऱ्याला लॉकचा चाकू सक्तीचा होता. पहिल्या दिवशी ढमीने काळा चाकू दाखवूनच काम मिळवलं होतं. आता वर तिच्या कमरेला काय बांधलंय हे मुकादमाला कळलं असतं, तर संध्याकाळी नोकरी गेली असती. आणि न सांगावं, तर ती आणखी पाऊण तास तशीच. नोकरीचं काय घेऊन बसलाय, सांगून टाका, असं मी कानाशी म्हटलं. हे मुकादमाकडे वळले.

‘‘चाकू आहे,’’ शेवटी म्हणाले. ‘‘तिच्याकडचा बरोबर नाही. मी दिलेला आहे. चूक माझी आहे, तिची नाही. तिला उतरवा.’’

मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि शिट्टी ओठांना लावली. दोन लांब, एक आखूड. पिवळा ठिपका हळूहळू खाली सरकायला लागला. त्या सात-आठ मिनिटांत मी किती देव बदलले ते मलाच माहीत.

ढमी जमिनीला टेकली, दोर सोडवला, आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला. ‘‘तुम्ही इथे? घरी कोणाला... काय झालं?’’

‘‘कोणाला काही झालेलं नाही,’’ मी म्हटलं.

ह्यांनी काळा चाकू पुढे केला. तिने घेतला नाही. आधी मुकादमाकडे बघितलं, मग बापाकडे, आणि तिला सगळं उमगलं.

‘‘वर कशी उघडतेस?’’ हे म्हणाले. ‘‘माझा. करून दाखव.’’

‘‘बाबा, राहू द्या ना.’’

‘‘दाखव.’’

तिने डावा हात इमारतीच्या खांबाला लावला, जणू वरचीच मूठ धरली आहे. उजव्या हाताने कमरेचा चाकू उचलला, तोंडाशी नेला, पात्याची खाच दातांत पकडली आणि मान झटकली. पातं ओठांना घासून बाहेर आलं. एवढं सफाईने, की पहिल्यांदा मला वाटलं काही झालंच नाही. मग तिच्या खालच्या ओठावर बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या. एक नाही, पाच-सहा. आतल्या बाजूला होत्या; बोलताना दिसत नाहीत, ओठ असा ताणला की दिसतात.

‘‘हात नाही सोडत मी,’’ ती घाईघाईने म्हणाली. ‘‘हात कधीच नाही सोडला. दिवसातून पन्नास-साठ वेळा करते, सवय झाली. काही होत नाही.’’

मुकादमाने तिच्या कमरेची दोरी सोडवून चाकू काढून घेतला. ‘‘आठ दिवस वर जायचं नाही,’’ एवढंच म्हणाला. काढून टाकलं नाही, हे नशीब.

हे म्हणाले, ‘‘मला सांगायचंस तरी.’’

‘‘सांगितलं होतं, बाबा. पहिल्याच आठवड्यात. एका हाताने उघडत नाही, असं म्हणाले होते मी. तुम्ही म्हणालात, मग तिसरा हात म्हणून शेपूट लावून घे. आणि दोघंही किती वेळ हसत होतात.’’

दोघंही. ती हे बापाकडे बघत म्हणाली, माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. शेपटीचं मला खरंच आठवत नव्हतं. हसणं मात्र आठवलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते मी, आणि ढमी ताट उचलून आत गेली होती.