कुलपापुढची रांगोळी

माझा राग सगळ्या चाळीला माहीत होता. नळावर कुणाचा हंडा माझ्या हंड्याच्या पुढे सरकला तर सकाळ त्यातच जायची. गुरुजी, म्हणजे माझे यजमान, शनिवारी घरी आले की आधी शेजारपाजाऱ्यांना विचारायचे, "या आठवड्यात कुणाशी?" त्यांना हसू यायचं, मला यायचं नाही. आज हे लिहितानाही मी सुधारले आहे असं म्हणवत नाही. पण त्या रागापायी एकदा सगळी चाळ गोत्यात आली होती, ते सांगायला हवं.

जुन्नरला एसटी स्टँडाच्या मागे ती चाळ होती. खाली वीस खोल्या, वर वीस, मधे फरशीचा चौक आणि चौकात एक नळ. निम्मी बिऱ्हाडं आमच्यासारखी, पश्चिमेच्या डोंगरातली. घाटघरला आमची भातखाचरं, घर, सासरे, सगळं तिकडे. पण शाळा सातवीपर्यंत. मुलांनी पुढे शिकावं असं वाटलं की जुन्नरला एक खोली घ्यायची, आईने मुलांना घेऊन तिथे राहायचं आणि आषाढात आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, सगळ्यांनी गावी पळायचं. गुरुजींची नोकरी तळेघरच्या बाजूला. एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर पायपीट. त्यामुळे आठवड्याचे सहा दिवस मी आणि आमची एकुलती लेक. ती तेव्हा आठवीत होती.

जुने मालक होते तोवर काही वाटलं नाही. दर महिन्याला स्वतः यायचे, कुणाच्या तरी घरी चहा घ्यायचे, गळक्या कौलांकडे बघून "करू, करू" म्हणायचे आणि करायचे काहीच नाहीत. ते वारले आणि मुलाच्या हाती कारभार आला. त्याला चाळ पाडून खाली दुकानं नि वर फ्लॅट बांधायचे होते. त्याने दिवाणजीला छापील कागद घेऊन खोलीखोलीत पाठवलं. दिवाणजी गोड बोलायचा. "नुसती सही करा वैनी, बाकी सगळं हाय तसंच."

कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त तलाठी राहायचे, त्यांना सगळे अण्णा म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद वाचून त्यांना कागद दिसला की भूक लागायची. भिंग लावून त्यांनी ते दोन कागद तीन वेळा वाचले आणि रविवारी सकाळी सगळ्यांना चौकात बोलावलं.

"आपण कायम भाडेकरू हाये," ते म्हणाले. "आपलं भाडं कायद्यानं बांधल्यालं हाये, मनात आलं म्हणून त्याला वाढवता येत न्हाई. ह्या कागदावर सही केली की आपण अकरा महिन्यांचे पावणे. पावण्याला कवाबी जा म्हणता येतं."

त्या दिवशी चाळीने तीन गोष्टी ठरवल्या. सही कुणीच करायची नाही. दिवाणजीने भाडं घेतलं नाही तर मनीऑर्डर करायची. आणि तिसरी गोष्ट आम्हा डोंगरातल्यांसाठी होती: गावी जाताना खोली बंद ठेवायची नाही. काही कारण नसताना खोली सहा महिने बंद राहिली तर ती मागायचा हक्क मालकाला मिळतो, असं अण्णा म्हणाले. तेव्हा चावी शेजारी द्यायची. शेजारच्याने सकाळी दार उघडावं, केर काढावा, संध्याकाळी दिवा लावावा. मी सगळ्यांच्या पुढे उभं राहून मान डोलावली होती, हे मला पक्कं आठवतं.

माझ्या शेजारच्या खोलीत कल्हईवाले चाचा आणि चाची राहायचे. त्यांच्या मुली लग्न होऊन गेलेल्या. चाचा पडवीत, दोन्ही दारांच्या मधोमध भट्टी मांडायचे. चाची भाता मारायची, चाचा तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकून कथील फिरवायचे, आणि पांढऱ्या धुराचा लोट सरळ माझ्या खोलीत शिरायचा. भांडं चांदीसारखं चकाकायला लागायचं ते बघायला लेक तासन्‌तास तिथे बसायची. त्या उन्हाळ्यात तिला खोकला झाला. खोकला साथीचा होता, अर्ध्या चाळीला झाला होता. पण एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी बाहेर येऊन म्हटलं, "तुमच्या ह्या धंद्यापायी माझी पोर जाईल एक दिवस. चार माणसांत राहायची लायकी न्हाई तुमची."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, बाजूच्या बादलीतलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं आणि भट्टी उचलून चाळीच्या मागे गटाराजवळ नेली. चाची भाता उचलून त्यांच्या मागे गेली. दोन दिवसांत मला कळून चुकलं होतं की आपण बोलू नये ते बोललो. पण माझी जीभ भांडायला जेवढी सैल, तेवढीच चूक कबूल करायला जड. आमचं बोलणं बंद झालं ते झालंच.

आषाढ आला. डोंगरातली बिऱ्हाडं एकेक करून चाव्या देऊन निघाली. अण्णा मला म्हणाले, "तुमची चावी चाचीकडं द्या. त्या कुठं जात न्हाईत."

"बघते," मी म्हटलं. आणि बाजारातून नवंकोरं कुलूप आणून लावलं, चावी बटव्यात टाकली आणि लेकीला घेऊन घाटघरची गाडी धरली. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता.

आवणी उरकता उरकता सासरे खाचराच्या बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. सासूबाई आधीच गेलेल्या. म्हाताऱ्या माणसाचं उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं, सगळं माझ्यावर आलं. लेकीची शाळा बुडू नये म्हणून तिला कळंबला माझ्या बहिणीकडे ठेवलं, तिथल्या शाळेत बसवलं. ती जाताना म्हणाली, "पण आई, मी दहावी जुन्नरलाच करणार हां." मी हो म्हटलं. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली, भात कापून झालं. सासरे काठी घेऊन चालू लागले तेव्हा मी जुन्नरला परतले. सहा महिने उलटून गेले होते.

संध्याकाळची वेळ होती. कुलूप गंजलं होतं. उंबऱ्यापाशी काहीतरी पुसट पांढरं दिसलं, पण माझं लक्ष दारावर चिकटवलेल्या नोटिशीवर होतं. मालकाने खोली सहा महिन्यांहून जास्त बंद आहे असं लिहून ती परत मागितली होती. मागोमाग कोर्टाचं समन्स आलं.

चौकात पुन्हा सगळे जमले. वरच्या मजल्यावरचे एसटीतले कंडक्टर उभे राहिले. "सगळ्यांनी पाळलं," ते म्हणाले, "हिनंच न्हाई पाळलं. आता हिची खोली गेली की तो आमच्या मागं लागंल. हिच्या तोऱ्यापायी आमी का मरायचं?"

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी खाली मान घालून ऐकलं, कारण त्यांचा शब्द न्‌ शब्द खरा होता. आतून मी हादरले होते. खोली गेली तर दुसरी मिळणार ती अकरा महिन्यांची, वर डिपॉझिट; सासऱ्यांचं औषधपाणी काढून आम्हाला ते झेपण्यासारखं नव्हतं. म्हणजे लेकीचं जुन्नर संपलं. आणि माझ्यामुळे आणखी कुणाकुणाच्या लेकरांचं संपणार होतं कोण जाणे. अण्णांनी सगळ्यांना गप्प केलं. "एक खोली जात नसती," ते म्हणाले. "त्या खोलीतनं वाट पडती. म्हणून वकील चाळ देणार." चाची तिच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

वकिलांकडे मालकाच्या पुराव्यांच्या नकला आल्या. तीन फोटो होते. दिवाणजीने फोटोवाल्याला घेऊन तीन वेगवेगळ्या महिन्यांत माझ्या दाराचे काढलेले. तिन्हींत माझं ते नवंकोरं कुलूप. मला त्याच्याकडे बघवेना. अण्णांनी सवयीने भिंग काढलं आणि एकदम थांबले.

"हे खाली काय हाये?"

मी वाकून बघितलं. कुलूप लावलेल्या दारापुढे, उंबऱ्याच्या खाली, सारवल्यासारखं ओलं दिसत होतं आणि त्यावर रांगोळी होती. तिन्ही फोटोंत. सहा पाकळ्यांचं फूल, त्यातली एक पाकळी आखूड. ते फूल मी ओळखत होते. आमच्या लेकीच्या हाताचीच ती खोड, सहावी पाकळी काढेपर्यंत तिला जागा उरायची नाही. पण लेक तर कळंबला होती.

मी घरी आले तेव्हा चाची दारात तांदूळ निवडत बसली होती. किती महिन्यांनी मी तिच्यासमोर उभी राहिले.

"चाची, माझ्या दारात रांगोळी..."

"तुझ्या लेकीनं शिकवलं व्हतं उन्हाळ्यात," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "तेवढं एकच फूल येतंय मला."

"पण का?"

"दिवाणजी फोटूवाला घेऊन फिरतोय म्हनून कळलं. तुझं कुलूप का तोडणार व्हते मी? दार लई वसाड दिसत व्हतं."

मी क्षमा मागायला हवी होती. ते जमलं नाही. मग मी तिच्या उंबऱ्यावर बसले, सूप माझ्याकडे ओढलं आणि खडे निवडू लागले. तिने ओढू दिलं. थोड्या वेळाने मी म्हटलं, "भट्टी पुढं आणा परत." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिथं वारा लागतो."

कोर्टात आमच्या वकिलांनी सासऱ्यांच्या दवाखान्याचे कागद दाखवले आणि चाचीला साक्षीला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कोर्टाची पायरी चढली होती. डोक्यावरचा पदर सारखा सावरत होती. तिने सरळ सांगितलं की चावी तिच्याकडे नव्हती, पण दार ती बघत होती, पडवी झाडत होती, रांगोळी घालत होती. मालकाचा वकील उठला. त्याने फोटो हातात घेतला आणि हसत विचारलं, "बाई, तुमच्यात रांगोळी काढतात का?"

"आमच्यात न्हाई काढत," चाची म्हणाली. "तिच्यात काढतात. दार तिचं हाय."

वकील खाली बसला. मी मागच्या बाकावर होते. तिथे मला रडू फुटलं आणि कंडक्टरांनी, माझ्या तोऱ्यावर बोललेल्या त्याच कंडक्टरांनी, आपला रुमाल पुढे केला.

निकाल लागायला पुढे वर्ष गेलं. खोली बंद ठेवायला कारण होतं असं कोर्टाने धरलं आणि मालकाचा दावा काढून टाकला. लेक तोवर परत आलेली होती. पुढे नवा भाडेकायदा आला. आता काय वाढून ठेवलंय म्हणून चाळीने धसका घेतला होता, पण जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्यातही राहिलं. अण्णांनी पेढे वाटले. दिवाणजी मात्र अधूनमधून चौकातून चक्कर मारून कुठे कुलूप दिसतंय का ते बघायचा.

लेक बारावीत होती त्या वर्षी चाचांची छाती भरली. त्यांना पुण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. निघायच्या गडबडीत चाचीने माझा हात धरून तळव्यावर चावी ठेवली. "दार उघडं ठेव," एवढंच म्हणाली.

मी रोज दार उघडलं, केर काढला, दिवा लावला. चाचांची लुंगी भिजवून दोरीवर वाळत घालायचे, वाळली की पुन्हा भिजवायची. लेक हसून बेजार व्हायची. तिसऱ्या आठवड्यात दिवाणजी आला. चौकात उभा राहून नळावरच्या बायकांना मोठ्याने विचारू लागला, "कल्हईवाला गेला म्हणं कायमचा? पेटीबिटी घेऊन गेलाय का?"

मी तडक निघाले. चाळीच्या मागे जाऊन भट्टी उचलली आणि पुढे पडवीत, दोन्ही दारांच्या मधोमध, तिच्या जुन्या जागी आणून ठेवली. निखारे पेटवले. लेकीला भाता मारायला बसवलं. माझंच एक पितळी पातेलं तापवलं आणि चाचांच्या डब्यातला नवसागर टाकला. चिमूट टाकायची ती मी मूठ टाकली असणार. धुराचा असा लोट उठला की पडवी दिसेनाशी झाली. मी खोकून खोकून वाकले. दिवाणजी नाकाला रुमाल लावून मागे सरकला.

"हे काय चाललंय वैनी?"

"कल्हई," मी म्हटलं. "चाचा दवाखान्यात हाईत. येईस्तोवर त्यांची भट्टी गार पडू द्यायची का?"

चाचा आले नाहीत. पुण्यालाच वारले. महिन्याभराने चाची एकटी परतली, तेव्हा खोली झाडलेली होती आणि लुंगी दोरीवर होती. तिने लुंगीचं टोक हातात घेतलं, ते अजून ओलं होतं. मग तिची नजर माझ्या पातेल्यावर गेली. एकीकडे कथलाचा गोळा, एकीकडे उघडं पितळ. तिने ते हातात घेऊन फिरवलं.

"ह्यांनी बघितलं असतं तर पातेलं फेकून मारलं असतं तुला," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

तीस वर्षं भाता मारून तिचाही हात बसलेला होता. चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर ती म्हणाली की आता मीच कल्हई करणार, खोली सोडणार नाही. ती भट्टी उचलून मागे न्यायला लागली. मी भट्टीची दुसरी कड धरली आणि हलू दिली नाही.

"हितंच राहू दे, चाची."

"धूर येतो तुझ्या घरात."

"येऊ दे," मी म्हटलं.