झारावाली मावशी

आमच्या शेजारच्या मावशीच्या हातात सकाळी चहाच्या कपाआधी झारा असायचा. तळणाचा नव्हे. लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेला, हातभर दांड्याचा, जाड पत्र्याला भोकं पाडलेला. तो चुलीत खुपसायचा, दोन हिसके द्यायचे; राख खाली गळायची, लाल निखारे वर उरायचे. निखारे पुन्हा चुलीत, राख वांग्याच्या वाफ्यात. मी टाकव्यात सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, बाईला खूळ लागलंय. अख्ख्या गावाने तिचं नाव झारावाली ठेवलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

त्या खुळामागे एक आग होती. तिच्या सासूने एकदा न चाळताच राख उकिरड्यावर टाकली. राखेत निखारा होता. वारा सुटला, भाताच्या पेंढ्याची गंजी पेटली आणि दावणीला बांधलेला बैल जागीच होरपळून मेला. चूक सासूची, मार सुनेला. नवऱ्याने तिला त्याच उकिरड्यावर चिमट्याने झोडपलं. भुवईवरचा व्रण ती कधी लपवत नसे. मला म्हणायची, "राखंवर इस्वास ठिवू नगं बाई. वरनं गार दिसती."

तोंडाने ती तिखट, हाताने त्याहून. चुलीपाशी कोंबडी आली तर झारा, मांजर आलं तर झारा, मीटर बघायला आलेला माणूस न विचारता आत शिरला तर त्यालाही झारा. माझ्या नवऱ्याने एकदा माझ्यावर आवाज चढवला, तर कुडापलीकडून हाक आली, "येऊ का रं तिकडं?" तो पुढे कितीतरी दिवस हळू बोलत होता. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं.

पण तिचा मुलगा सोपान बापाच्याच वळणावर गेला. कंपनीतली नोकरी सुटली, दारू लागली आणि तो बायकोला, कल्पनाला, मारू लागला. मावशी मध्ये पडायची, शिव्या घालायची, त्याला ढकलून बाहेर काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच त्याला जेवायला वाढायची. एका सकाळी त्याने कल्पनाचे केस धरून तिचं तोंड चुलीकडे नेलं. किंकाळी ऐकून मी धावले. मी पोचायच्या आत मावशीने तापलेला झारा त्याच्या मनगटावर दाबला होता. कातडी जळाल्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. त्याने केस सोडले. मावशी कल्पनाला म्हणाली, "चप्पल घाल. हितं आता ऱ्हायचं न्हाई."

गावाने तिच्याच तोंडात शेण घातलं. पोटच्या पोराला डागणारी आई कसली, म्हणे! दोघी लोणावळ्याला गेल्या आणि भुशी धरणाच्या रस्त्यावर मक्याची कणसं भाजू लागल्या. सुट्टीच्या दिवशी मी जायची. कणसाला राख लागलेली मावशीला खपत नसे, त्यामुळे तिच्याकडे गिऱ्हाईक हटत नसे. एकदा भिजून आलेल्या टोळक्यातला एकजण कल्पनाला "चल ना गाडीत" म्हणाला. मावशीने झाराभर निखारे त्याच्या पायांपाशी फेकले. पोरगा अनवाणी होता, नाचतच पळाला. कल्पनाला खळखळून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पावसाळा सरता सरता सोपान आला, कोयता घेऊन. भरदुपार होती. "माजी बायकू हाय ती!" म्हणत त्याने कल्पनावर कोयता उगारला. मावशी मध्ये आली. वार तिच्या उजव्या हातावर बसला आणि दोन बोटं चिखलात पडली. कल्पनाने घमेल्यातले निखारे सोपानच्या छातीवर ओतले. लोकांनी त्याला धरला, तुडवला. मावशी रक्ताळलेला हात पदरात गुंडाळून ओरडत होती, "मारू नगा रं! जित्ता ठिवा!"

दवाखान्यात तिचे दीर आले आणि कानाशी लागले. "वैनी, घसरून कोयत्यावर पडले म्हना. पोरगं आत गेलं तर म्हातारपनी तुमाला कोन बगनार?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मावशी तसं बोलली असती तर सोपान सुटला असता आणि पुढच्या खेपेला कल्पना वाचली नसती. कल्पना कोपऱ्यात भिंतीला टेकून मावशीच्या तोंडाकडे बघत होती.

जबाब घ्यायला हवालदार आला. "कुणी मारलं, मावशी?"

"माज्या पोरानं. सोपाननं. हिला माराया आलता." तिने डावा अंगठा उमटवला. दीर तरातरा निघून गेले.

कल्पना आज भुशीला स्वतःचा स्टॉल चालवते. मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. दगडाच्या काळजाची बाई, असं टाकव्यात लोक अजून म्हणतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण त्या दिवशी ते तिथे नव्हते, मी होते. हवालदार दारापर्यंत गेला, तेव्हा तिने त्याला हाक मारून थांबवलं.

"भाऊ, त्याची छाती भाजलीया. तितं कोठडीत औषध लावत्यात न्हवं? आन् सकाळी आंगुळीला त्याला ऊन पानी द्या. गार पान्यानं धाप लागती त्याला, ल्हानपनापासनं."