काळी पाच: दौंडचा पहिला प्रयोग

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात कुणी त्या नाटकाचा विषय काढला की मी टाळ्यांचं सांगायचो, वन्स मोअरचं सांगायचो आणि पुढचं यायच्या आत चहा मागायचो. आता माझी पंच्याहत्तरी उलटली आहे. ज्यांच्यापुढं हे कबूल करायचं होतं त्या बाई राहिल्या नाहीत. तरी जसं झालं तसं एकदा लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकात मी दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होतो आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्गन वाजवायचो, पायानं भाता चालवायचा तो. आमच्या भागात संगीत नाटकं व्हायची ती सगळी जुनी. पदं लोकांना पाठ, आम्हालाही पाठ. अशात शिरूरच्या मास्तरांनी संपूर्ण नव्या नाटकाला चाली लावल्या. मास्तर म्हणजे बाजारपेठेतले टेलर. पिढ्यान् पिढ्या शिरूरचंच मुसलमान घर, गाणं मामांकडून शिकलेले. कापड कापता कापता गुणगुणायचे आणि खडूनं कापडावरच स्वर लिहून ठेवायचे. एका गिऱ्हाइकाच्या पँटच्या आतल्या बाजूला अख्खा अंतरा गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं छापून ते पद आधीच्या कुठल्या गाण्यावर बेतलं आहे ते लिहायची पद्धत होती. आमच्या पुस्तिकेत अकराही पदांवर दोनच शब्द होते : नवी चाल. पुस्तिका छापून आली त्या दिवशी मास्तरांनी ती मशीनवर उघडून ठेवली होती. येणारा प्रत्येक जण ते दोन शब्द वाचूनच पुढं मापं द्यायचा.

मी म्हटलं, "मास्तर, लोकांना पटंल का?"

"आप्पा, जुनं बी कवातरी नवंच व्हतं की," ते म्हणाले. "आन् न्हाई पटलं तर मशीन हायच."

नायिकेचं काम यवतच्या एका प्राथमिक शिक्षिकेकडं होतं. दर रविवारी चौफुल्याला एसटी बदलून त्या शिरूरला मास्तरांच्या दुकानात तालमीला यायच्या. दुसऱ्या अंकात त्यांचं भीमपलासीतलं एक पद होतं, सबंध नाटकाचा जीव त्यात. शेवटी तार पंचमावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘प’वर जायचं आणि तिथं आवर्तनभर थांबायचं.

"मास्तर, हा पंचम कुणाच्या मापानं शिवलाय?" त्या विचारायच्या.

"तुमच्याच. जरा दम भरून घ्या बाई, बराब्बर बसंल."

आणि खरंच बसायचा. तो लागला की दुकानाबाहेर लोक सायकली थांबवायचे. त्या पदाच्या आधी ऑर्गनचा एक लांब तुकडा मास्तरांनी खास माझ्यासाठी बांधला होता. काळी पाच पट्टीत, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, तो माझ्या बोटांत इतका भिनला होता की पार्सलच्या पावत्या फाडतानाही बोटं चालायची.

पहिला प्रयोग दौंडला ठरला, रविवारी दुपारी चारला, म्हणजे खेड्यांतल्या लोकांना परतीची एसटी मिळावी. ऑर्गन न्हावऱ्याच्या कांद्याच्या टेम्पोतून गाद्यांत गुंडाळून आणला. पुढं कितीतरी दिवस पट्ट्यांना कांद्याचा वास येत होता. हॉल रेल्वेलाईनला लागून. मालगाड्यांच्या वेळा मला ठाऊक, म्हणून कुठलं पद कधी सुरू करायचं हे सकाळी मी कागदावर मांडून दिलं. तरी नांदीच्या आधी एक इंजिन ओरडलंच. विंगेतून मास्तर म्हणाले, "काळी एक." आम्ही सगळे हसलो.

पडदा वर गेला. पहिलं पद संपलं तेव्हा हॉल गप्प. मी तबलेवाल्याकडं पाहिलं, तो माझ्याकडं. लोकांनी हे कधी ऐकलेलंच नव्हतं, टाळी कुठं द्यायची तेच त्यांना उमजेना. मग मागच्या भिंतीशी कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "वन्स मोअर." आणि सगळा हॉल उठला. बाईंनी पद पुन्हा घेतलं. पुढच्या पदालाही तेच. एक नवी चाल माणसांच्या तोंडी बसताना मी डोळ्यांनी पाहत होतो. समोरचे म्हातारे दुसऱ्या वेळेला ओळ आधीच गुणगुणत होते.

मध्यंतरात बाई ऑर्गनपाशी आल्या. आवाज घोगरा झाला होता.

"आप्पा, दोन वन्स मोअरनं घसा ओढलाय. ते पद काळी चारमध्ये धरा. तबला बदलायला तुम्हीच सांगा. मास्तरांना नका सांगू, ते उगीच घाबरतील."

"बरं," मी म्हटलं.

एक पट्टी खाली, एवढंच काम. तबलेवाल्याकडं काळी चारचा दुसरा तबला तयार होता, सांगायचाच अवकाश होता. पण मला लोकांनी घेरलं. कुणी पान दिलं, कुणी हात धरून म्हणालं, "आप्पा, आज वाजवताय हां." मी तिथंच रमलो. तिसरी घंटा झाली.

आजवर मी स्वतःलाही सांगत आलो की गडबडीत विसरलो. ते खोटं आहे. माझं बोट पट्टीवर होतं तेव्हा मला आठवलं. तबलेवाला हाताच्या अंतरावर होता. थांबून तबला बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण काळी चारमध्ये तो तुकडा माझ्या बोटांना अडला असता, आणि तो वाजायची मी सहा महिने वाट पाहिली होती. मी काळी पाच दिली.

तुकडा झकास झाला. टाळ्या पडल्या. बाईंनी एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि गायला सुरुवात केली, दुसरं काय करणार. अंतऱ्यापर्यंत त्यांनी ओढून नेलं. तार पंचमावर आवाज फाटला. दोघंतिघं हसले. बाकीचे खोकले. त्यांनी खाली उतरून पद पुरं केलं.

नाटक तरी रंगलं. शेवटी लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मेकअपच्या खोलीत मास्तर आले, डोळे भरलेले.

"आप्पा, त्या पदाला पट्टी कंची दिली व्हती?"

"नेहमीचीच. काळी पाच."

शब्द खरे होते. बाई आरशासमोर गजरा सोडत होत्या. त्यांचे हात थांबले, मग पुन्हा गजरा सोडू लागले.

चार दिवसांनी आमच्या नाटक मंडळाची बैठक झाली. बाईंचा आवाज टिकत नाही, शिरूरच्या प्रयोगाला पुण्याहून गायिका आणू, असं ठरलं. मास्तर म्हणाले, "मी तालमीत ऐकलंय तिला. गळा खोटा न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आप्पा, तुम्ही सांगा की." मी म्हटलं, मंडळ ठरवेल तसं.

शिरूरला त्याच पदाला तीन वन्स मोअर मिळाले आणि मला शाल. मला आनंद झाला, तो लपवत नाही. बाईंनी पुन्हा कधी नाटकात काम केलं नाही.

पुढं दोन हजारनंतर मास्तर गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो तर ओसरीत बाई बसलेल्या, केस पांढरे झालेले. बाहेर निघालो तेव्हा सोबत आल्या.

"आप्पा, वाजवता का अजून?"

"गुडघे देत नाहीत साथ. तुम्ही गाता?"

"शाळेत प्रार्थना सांगायचे. आता तीही सुटली." जरा चालून म्हणाल्या, "माझ्या मनात राहिलंय म्हणून विचारते. त्या दिवशी तुम्ही गडबडीत विसरलात ना? मी घरच्यांना तसंच सांगितलं. म्हटलं, आप्पा मुद्दाम नाही करायचे. नंतर मास्तर विचारायला आले तेव्हा तुम्ही गोंधळला असाल."

त्या थांबल्या होत्या. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. वाक्य माझ्यापाशी तयार होतं, इतक्या वर्षांत हजारदा म्हणून पाहिलेलं.

मी म्हटलं, "हो. गडबडीत राहूनच गेलं."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि स्टँडकडं गेल्या.

म्हणायचं होतं ते असं : बाई, मी विसरलो नव्हतो. तुमचा गळा नाही, माझी नियत फाटली. मला माफ करा.