म्हाताऱ्याचा झाकलेला डोळा

माझी नणंद ऊन मोजते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे ऐकून मला हसू आवरलं नव्हतं. आकाशात दोन उपग्रह सूर्याकडे बघत फिरतात, त्याचे अतिनील किरण किती येतात ते रोज कळवतात, आणि ताई त्या दोघांचे आकडे शेजारी ठेवून ताडून पाहतात. ऑफिसात त्यांना मागून ‘अडेलतट्टू’ म्हणतात. पुढूनही म्हणतात, त्यांना चालतं.

जुन्या उपग्रहाचं नाव ‘म्हातारा’. सहा वर्षांपूर्वी नवा वर गेला आणि दोघांचं बिनसलं. नव्याच्या मते सूर्याचे हे किरण दरवर्षी घटताहेत, म्हाताऱ्याच्या मते उलट किंचित वाढताहेत. आता उन्हाकडे सतत बघून म्हाताऱ्याची काच मंदावते, म्हणून ताई दर महिन्याला त्याच्या आकड्यात अंदाजाने भर घालत आल्या. विभागप्रमुख साहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. म्हणाले, तुम्ही भर जास्त घालता. नव्याची काच मंदावतच नाही, तसं बनवणाऱ्यांचं पत्र आहे. म्हाताऱ्याचे आकडे नव्याशी जुळवा, ‘सूर्याचे अतिनील किरण घटले’ या अहवालावर सही करा. पुढच्या महिन्यात म्हातारा कायमचा बंद.

ताईंना निवृत्तीला आठ महिने उरले होते. कुणीही सही केली असती. मीसुद्धा केली असती, खोटं कशाला बोलू.

मी घरी पडदे शिवते. त्याच आठवड्यात एक बाई माझ्याशी तावातावाने भांडायला आल्या. तीन जुन्या पडद्यांना जोड म्हणून मी चौथा शिवला होता आणि म्हणे रंगच चुकीचा. मी जुन्या पडद्याची खालची दुमड उसवली. आतलं कापड कधी ऊन न लागलेलं, नव्या पडद्याशी तंतोतंत जुळणारं. बाईंचा पारा उतरला. ताई शेजारी चहा घेत होत्या, कप तसाच हातात.

“वहिनी, म्हाताऱ्यालाही अशी दुमड आहे गं!”

म्हणजे त्याला दुसरा डोळा होता, झाकण घालून ठेवलेला. वर्षातून दोनदा, काही मिनिटंच उघडायचा, म्हणजे उघड्या डोळ्याची काच किती मंदावली ते कळायचं. सहा वर्षांपूर्वी झाकण बंद होताना अडकलं, कसंबसं लागलं, तेव्हापासून भीतीने कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. पुढचं त्यांनी मला जेवताना अभिनयासकट सांगितलं.

“झाकण परत लागलं नाही तर म्हातारा कामातून जाईल,” साहेब म्हणाले.

“पुढच्या महिन्यात तुम्ही त्याला घालवणारच आहात. मग जाताना खरं बोलून जाऊ दे.”

“आणि मी नाही म्हणालो तर?”

“तर सहीची जागा कोरी राहील. कोरी का, हे विचारायला लोक येतील, त्यांना मी चहा देईन.”

साहेबांनी नाइलाजाने होकार दिला, झाकण उघडलं. परत काही लागलं नाही, पण आकडे आले. त्या संध्याकाळी ताई घरी आल्या आणि पर्स न ठेवताच ताटावर बसल्या.

“चुकले गं मी. भर खरंच जास्त घातली होती.”

“म्हणजे नवा बरोबर?”

“कसला बरोबर! झाकल्या डोळ्याशी ताडलं तर त्याची काच माझ्या चुकीच्या दुप्पट मंदावलीय. सूर्य आहे तसाच आहे, ना घटला ना वाढला.”

साहेबांनी तोडगाही काढला होता. नव्याची चूक छापली तर ताईंचीही छापावी लागेल, जाता जाता नाव कशाला खराब करून घेता? दोघांचा मध्य काढू, दोन्ही चुका झाकल्या जातील. मला तर ते शहाणपणाचं वाटलं. ताईंनी मात्र कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

“माझी चूक आधी छापा, पहिल्या पानावर, नावासकट. त्याखाली नव्याची. मग सही करते.”

साहेब आठवडाभर धुमसले. शेवटी तसंच छापावं लागलं, कारण झाकल्या डोळ्याचे आकडे आता ऑफिसातल्या सगळ्यांनी पाहिले होते. म्हातारा ठरल्या दिवशी बंद झाला. ताईंनी त्या दिवशी रजा घेतली, आणि त्या रडल्या हे मी सांगणारच, रागावल्या तर रागावल्या.

आता निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने त्या सहा वर्षांचे स्वतःचेच आकडे पहिल्या महिन्यापासून दुरुस्त करताहेत. जेवणाच्या टेबलावर कागद, ताट ठेवायला जागा नाही. काल मी वैतागले.

“ताई, पुरे झालं! सूर्य काय तुमचे आकडे तपासायला येणारे?”

“तो येणार नाही, म्हणूनच मला तपासायचेत,” त्या म्हणाल्या, आणि माझं ताट बाजूला सरकवून त्यांनी पुढचा कागद ओढला.